लस, फोडणी आणि मायचा उपास

दिवसभर दुसऱ्यांच्या ताटात घट्ट वरण वाढायचं आणि आपण त्याच वरणाचं वरचं पाणी प्यायचं, असे माझे कितीतरी दिवस गेले. भडगावात आमची खानावळ आहे. शेवभाजी, भरीत, कळण्याची भाकरी, ठेचा. पाटीवर 'शुद्ध शाकाहारी' असं मोठ्या अक्षरात लिहिलंय. ते माझ्या सासूबाईंनी लिहायला लावलंय. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणते, म्हणून मीही अक्काच म्हणते. स्वयंपाक माझा, गल्ला आमच्या ह्यांचा आणि आम्हा दोघांवर लक्ष अक्कांचं.

माझ्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. आठवड्यातून तीनदा जळगावला जाऊन डायलिसिस करून येते. तिथं नवीन पेशंट आला की त्याच्या घरचे मला हळूच बाजूला घेतात आणि विचारतात, "ताई, ह्यांना खायला काय द्यायचं?" मी सांगायला लागते, पण मध्येच मला रडू फुटतं आणि ते बिचारे घाबरतात. म्हणून म्हटलं, लिहून काढू. यात औषधांची नावं नाहीत, ती डॉक्टरांना विचारा. मी फक्त ताटाबद्दल सांगणार आहे. आमच्या घराची चूक ताटात झाली.

पैंजण

आधी पैंजण रुतायला लागले. दिवसभर शेगडीपुढं उभं राहणाऱ्या बाईचे पाय सुजणारच, असं मी धरून चालले. मग वासाचं सुरू झालं. तेलात मोहरी आणि लसूण पडला की माझ्या पोटात ढवळायचं. खानावळवालीला फोडणीचा वास सोसवेना, म्हणजे पुजाऱ्याला घंटेचा त्रास व्हावा तसं. गिऱ्हाईकं गालात हसायची, त्यांना वाटायचं गोड बातमी आहे. माझं वय चाळिशीला टेकलेलं. मला हसू यायचं आणि लगेच मागच्या मोरीवर जाऊन ओकायचं.

एके सकाळी जिना चढून वर गेले आणि श्वासच लागेना. हे मला जळगावला घेऊन गेले. डॉक्टरांनी पोटाची सोनोग्राफी केली, रक्त घेतलं, बीपी बघितलं आणि परत बघितलं. मला बीपी आहे हे मला तिथंच कळलं. डॉक्टर म्हणाले, "दोन्ही किडन्या आकसल्या आहेत. बीपीनं आतल्या आत खाल्ल्या."

"साहेब, दोन्ही?" ह्यांनी विचारलं. डॉक्टर हो म्हणाले. थोड्या वेळानं ह्यांनी परत विचारलं, "दोन्ही?"

डॉक्टरांनी समजावलं की अजून थोडा जीव आहे किडन्यांत. मीठ कमी करा, डाळ कमी करा, जितकं लांबवता येईल तितकं लांबवू. येताना बसस्टँडवर ह्यांनी मला मोगऱ्याचा गजरा घेतला. लग्नानंतरच्या वर्षी घेतला होता, त्यानंतर हाच. मला डॉक्टरच्या बोलण्यातून जे कळलं नव्हतं ते त्या गजऱ्यातून कळलं. मी बसमध्ये रडले आणि हे खिडकीबाहेर बघत बसले.

पथ्य

डॉक्टरांचं बोलणं ह्यांनी घरी जसंच्या तसं सांगितलं आणि अक्कांनी ते पदरात बांधून घेतलं. आमच्या अक्कांचं एक आहे, काम अंगावर घेतलं की अर्धवट नाही. माझ्यासाठी वेगळी पातेली आली. भाजी उकळून तिचं पाणी फेकायचं, मग ती परत शिजवायची. डाळ शिजली की वर आलेलं पाणी मला आणि खालचा गाळ गिऱ्हाइकाला. मीठ नावाला. मी कुरकुर केली की म्हणायच्या, "जिवापेक्षा जीभ मोठी शे का व?"

त्या वेळी ते बरोबरच होतं, हे मी आजही म्हणते. त्या पथ्यावर मी बरेच महिने काढले. डॉक्टर अक्कांचं कौतुक करायचे. ते कौतुकच पुढं आमच्या मुळावर आलं.

किडन्यांनी शेवटी हात टेकले आणि डायलिसिस सुरू झालं. आगीतून निघून फुफाट्यात आले.

यंत्रापुढं

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आधी वजन करतात. दोन वेळांच्या मध्ये किती पाणी प्यालात ते काटा सांगतो, चोरी लपत नाही. मग हातात दोन जाड सुया. रक्त एकीकडून बाहेर जातं, यंत्रातून गाळून दुसरीकडून आत येतं. कधी पायात असा गोळा येतो की दातांखाली पदर धरावा लागतो. सुटल्यावर अंगात काही उरत नाही. कुणीतरी अंगातलं पीठ चाळून घेतलं आणि कोंडा ठेवला, असं वाटतं.

माझ्या शेजारच्या खाटेवर नाना असायचे. एरंडोलकडचे, एसटीत कंडक्टर होते. यंत्र सुरू झालं की म्हणायचे, "चला, डबल बेल!" मी खानावळवाली आहे हे कळल्यावर त्यांनी माझा पिच्छाच पुरवला. "मंगलताई, मराना आधी एकदा तुन्हा हातनं भरीत खाऊ घाल. मंग मी उतराले मोकळा." सगळी खोली हसायची. हसल्यावर हात हलतो आणि सुई दुखते, म्हणून नर्स आम्हाला रागवायची.

डायलिसिस सुरू झाल्यावर डॉक्टर एकदा खाटांमधून जाता जाता मला म्हणाले होते, "आता मात्र खायचं बरं का. यंत्र रक्तातली ताकद पण काढून घेतं. डाळीचं पथ्य आता बंद." आणि पुढच्या खाटेकडं गेले. मी घरी येऊन सांगितलं. अक्कांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एक दिन म्हने खावानं नही, एक दिन म्हने खाय. मी पहिलंवालं ऐकसू. त्या पथ्यानीच तुले आठलोक आणं." इथवर मला त्या पथ्यानंच आणलं होतं, हे त्यांचं खरंही होतं.

मला भूकच नव्हती, म्हणून मीही वाद घातला नाही. वरणाचं पाणी चालूच राहिलं.

देवी

मग लशीचं आलं. डायलिसिसवाल्यांना रक्तातून पसरणाऱ्या काविळीची भीती असते, म्हणून सगळ्यांना तिची लस देतात. आम्हाला ती दुप्पट द्यावी लागते, दोन्ही दंडांवर, आणि ती एकदा घेऊन भागत नाही, महिन्यामहिन्यांच्या अंतरानं परत परत. मला त्या काविळीचं एवढं काही वाटत नव्हतं. तोवर एके दिवशी नाना त्यांच्या खाटेवर दिसले नाहीत. कोपऱ्यात काच लावलेली वेगळी खोली होती आणि तिथं वेगळं यंत्र. नाना त्या काचेमागं झोपले होते. तीच कावीळ त्यांच्या रक्तात निघाली होती. कुठून आली ते कुणालाच सांगता येईना. त्यांनी काचेमागून मला हात केला आणि घंटेची दोरी ओढल्यासारखं करून दाखवलं. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

मी निमूटपणे दंड पुढं केला.

घरी आल्यावर अक्कांनी विचारलं, "सुई कसानी व्हती?"

मी म्हटलं, "कावीळ होऊ नये म्हणून लस दिली."

"म्हनजे देवी काढी." त्यांनी माझ्या दंडाला हात लावला आणि तो हात आपल्या कपाळाला लावला. अक्कांच्या लहानपणी लस टोचून घेण्याला देवी काढणं म्हणायचे. त्यांच्या दंडावर तो गोल व्रण अजून आहे. "आते घरमा फोडनी नही. देवी आंगमा शे तोवर तिले तडतड चालत नही."

आमच्याकडं घरात मुलाला गोवर, कांजण्या आल्या की फोडणी बंद असते. देवी घरी आली म्हणायचं. तेल तापवायचं नाही, मोहरी तडतडू द्यायची नाही, उग्र वास नको, सगळं थंड आणि अळणी. अंगावरचं उतरलं की दहीभाताचा नैवेद्य, मग चूल पूर्ववत. माझ्या माहेरीही हेच होतं. ज्या मुलाच्या अंगाची आग होतेय त्याला हे बरंच वाटत असेल. अक्कांनी ते लशीला लावलं. त्यांच्या हिशेबानं लस म्हणजे मुद्दाम घरी बोलावलेली देवी, मग तिचा मान जास्तच ठेवायला हवा.

दर लशीनंतर दंड दुखायचा थांबेपर्यंत, आणि मग नैवेद्याचा वार येईपर्यंत, माझ्या ताटात मऊ भात आणि पाणीदार ताक. ते संपून जरा भाजी-भाकरी सुरू होते न होते तोच पुढची लस. खानावळ बंद ठेवणं परवडणारं नव्हतं, म्हणून अक्कांनी घर आणि भटारखाना यांच्यामधल्या दारात जाड गोधडी टांगली. फोडणी द्यायला एक बाई ठेवली. मला आत पाऊल टाकायला मनाई. मी माझ्याच स्वयंपाकाचा वास गोधडीच्या भोकातून घेत बसायची. चमत्कार म्हणजे आता तो वास मला आवडायला लागला होता. दात होते आणि चणेही होते, मध्ये अक्का होत्या.

हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. हे म्हणायचे, "आजार आहे, वाळणारच."

माय

माझं माहेर साक्रीकडचं. वडील नाहीत, मी एकटीच. माझी माय धुळ्याला बस बदलून आली ती एका पिशवीत नागलीचं पीठ आणि दुसरीत भगर घेऊन. दारातच तिनं मला बघितलं आणि पिशव्या हातातून सुटल्या.

डॉक्टर म्हणाले होते की जवळच्या नात्यातल्या कुणाची किडनी बसवता आली तर यंत्रापासून सुटका होईल. ह्यांचा रक्तगट जुळत नव्हता. मायचा जुळला. डॉक्टरांनी तिला विचारलं, "आजी, समजून सांगतो, मोठं ऑपरेशन आहे."

माय म्हणाली, "समजाडू नका, काढी ल्या. तिले नव महिना पोटमा वागाडी, आते एक तुकडा जाई तं काय व्हई?"

तिच्या तपासण्या झाल्या. वय साठीच्या घरात, पण शेतातली काटक बाई. ऑपरेशन नाशिकला करायचं ठरलं. फक्त माझ्या अंगात ताकद यायला हवी होती आणि लस लागायला हवी होती. ऑपरेशननंतर ज्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात, त्या अंगाची प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात. लशीचं काम त्याआधीच झालेलं बरं.

माय आमच्याकडंच राहिली आणि तिनं उपास धरले. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. "मंगलले मन्ही किडनी लागो, ती हासत घर येवो, मंग सोडसू." अक्कांना ही विहीण फार आवडली. त्यांनी तिच्या उपासाचं सगळं हौसेनं केलं. साबुदाण्याची खिचडी दाण्याच्या कुटात लोळवलेली, रताळ्याचा गोड कीस, राजगिऱ्याचे लाडू, आणि केळी तर आमच्या जिल्ह्यात मागायलाही लागत नाहीत. एका बाजूला माझं अळणी ताट आणि दुसऱ्या बाजूला मायचं उपासाचं ताट. लेकीसाठी आई उपाशी राहते म्हणून येणारीजाणारी मायच्या पाया पडायची. माय लाजायची आणि अजून एक लाडू घ्यायची.

लस लागली नाही

सगळे डोस झाले आणि तपासायला रक्त घेतलं. पुढच्या खेपेला डॉक्टर माझ्या खाटेशी थांबले. नुसतं जाता जाता बोलले नाहीत, स्टूल ओढून बसले. ते बसले तेव्हाच माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"लस लागली नाही," ते म्हणाले. "अंगात तिच्याविरुद्ध जे तयार व्हायला हवं होतं ते झालंच नाही. आणि रक्तातली प्रथिनं इतकी खाली आहेत की या अंगावर टाके घालायला कुणी सर्जन तयार होणार नाही."

त्यांनी आहाराच्या मॅडमना बोलावलं. त्यांनी विचारलं, काल सकाळपासून काय काय खाल्लं? मी सांगितलं. भात, ताक, वरणाचं पाणी. परवा? तेच. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तुम्ही खानावळ चालवता ना?"

"हो."

"गावाला जेवू घालता आणि स्वतः हे खाता?"

मी त्यांना फोडणीचं सांगितलं, देवीचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत याबद्दल मी त्यांची आभारी आहे. म्हणाल्या, "लस म्हणजे अंगाला सांगितलेलं काम आहे. उपाशी मजूर किती काम करणार? डायलिसिसवाल्यांना ही लस तशीही उशिरा लागते, कुणाकुणाला चांगलं खाऊनही लागत नाही, मी खोटी आशा देणार नाही. पण असं खाऊन लागणं फारच अवघड आहे." मग रोज काय खायचं ते सांगितलं. घट्ट डाळ मोजून, मोजकं पनीर आणि अंड्याचं पांढरं. पाणी, मीठ, फळं, बटाटा, दाणे यांचं पथ्य पहिल्यासारखंच. लशीच्या दिवशीही नेहमीचंच जेवण. ताप आला तरी दोन घास जास्त, कमी नाही.

सगळे डोस पुन्हा पहिल्यापासून. ऑपरेशन पुढं.

गोळी

आमचे हे आवाज चढवणारे नाहीत. गिऱ्हाईक उधारी बुडवून गेलं तरी 'येईल परत' म्हणणारा माणूस. त्या दिवशी मात्र त्यांनी दारातली गोधडी ओढून खाली पाडली. "अक्का, तुन्ही देवीनी मन्ही बायको उपाशी मारी!"

गिऱ्हाईकं जेवता जेवता थांबली. अक्का पुढं आल्या. गोधडी उचलली, तिची घडी केली आणि आत जाऊन बसल्या. त्या जेवल्या नाहीत. मला त्यांचा राग आला होता आणि त्यांची कीवही येत होती. दोन्ही एकदम येतं तेव्हा माणूस नुसतं बसून राहतो. मी तशीच बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला आवाजानं जाग आली. घरातल्या शेगडीवर मोहरी तडतडत होती. अक्कांनी लसूण टाकला, हिंग टाकला आणि डाळीचं पातेलं त्यात ओतलं. मग वाटीभर घट्ट वरण माझ्यापुढं ठेवलं आणि मी संपवेपर्यंत समोर बसून राहिल्या. "आधी पोटोबा मंग इठोबा म्हनतस ना," एवढंच म्हणाल्या.

अंड्याचा प्रश्न राहिला. अक्कांच्या गळ्यात तुळशीची माळ, आणि पाटीवर ती मोठी अक्षरं. मायनं मागच्या अंगणात पत्र्याखाली विटा मांडून चूल केली आणि तिथं वेगळ्या डबड्यात अंडी उकडायला लागली. अक्का तिकडं फिरकायच्या नाहीत. पण काही दिवसांनी माय शेतीच्या कामासाठी साक्रीला गेली होती आणि मी डायलिसिसहून आले, तर पत्र्याखाली धूर दिसला. अक्का पदर नाकाला लावून डबड्याजवळ बसल्या होत्या. माळ काढून त्यांनी तुळशीच्या कुंडीला अडकवून ठेवली होती. त्यांनी कधी अंडं म्हटलं नाही. त्यांच्या लेखी ती गोळी. "गोळी लिधी का व?" भर खानावळीत विचारायच्या आणि गिऱ्हाइकांना वाटायचं औषध.

या आजारात मला जे थोडं चांगलं बघायला मिळालं त्यात हे पहिलं आहे.

खाण्याचं काम

लोकांना वाटतं, खा म्हटलं की झालं. तोंडात धातूची चव, पोटात मळमळ, ग्लासभर पाणी घटाघटा प्यायचीही परवानगी नाही, अशात घट्ट वरण गिळून बघा. कितीदा मी ताटावर रडले. कितीदा खाल्लेलं सगळं बाहेर आलं आणि अक्कांनी मोरी धुऊन परत वाढलं. लशीनंतर अंग दुखायचं, कणकण यायची. अक्का दंडाला हात लावून मनातल्या मनात देवीला काहीतरी म्हणायच्या आणि फोडणीची कढई शेगडीवर ठेवायच्या. दोन्ही एकदम करायला त्यांना किती जड गेलं असेल ते त्यांनाच ठाऊक.

एकदा आहाराच्या मॅडमना विचारून मी नानांसाठी कमी मिठाचं, कमी तेलाचं भरीत नेलं. काचेमागची खाट रिकामी होती. चादर बदललेली होती. आमच्या खोलीत असं कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. डबा तसाच पिशवीत राहिला. येताना बसच्या कंडक्टरनं घंटा वाजवली आणि मला हुंदका आवरेना.

बांगड्या हळूहळू मनगटाकडं आल्या. दुसऱ्या खेपेचे सगळे डोस संपले, रक्त गेलं आणि डॉक्टर या वेळी उभ्यानंच म्हणाले, "मंगलताई, लस लागली!"

ह्यांनी खानावळीत प्रत्येक ताटात पेढा ठेवला. माय देवापुढं डोकं टेकून कितीतरी वेळ उठलीच नाही. आता फक्त नाशिकला कळवायचं होतं. मध्ये बराच काळ गेल्यामुळं मायच्या तपासण्या जुन्या झाल्या होत्या. त्या परत करायच्या, एवढंच.

मायचं ताट

मायचे रिपोर्ट घ्यायला जळगावला जायचं होतं तो गुरुवार होता. अक्कांनी मायला उपासाचा डबा बांधून दिला, दाण्याचा कूट नेहमीपेक्षा जास्त, बटाट्याच्या फोडी, वर साजूक तूप. "मन्ही विहीन रगत दी राहिनी, तिले ताकद पाहिजे," म्हणाल्या. रक्त आदल्या खेपेलाच देऊन झालं होतं, पण अक्कांना कोण समजावणार.

डॉक्टरांनी पुन्हा स्टूल ओढलं.

मायला साखर निघाली होती. थोडीथोडकी नाही, चांगली वाढलेली. पहिल्या तपासणीत ती काठावर होती म्हणे. तेव्हा कुणी सांगितलं असेल आणि आम्ही ऐकलं नसेल, किंवा सांगितलंच नसेल, आता कुणाला विचारायचं? मधुमेहाच्या माणसाची किडनी घेत नाहीत. तिची तिलाच लागणार.

"आजी, खाण्यात काय असतं?" डॉक्टरांनी विचारलं.

माय मान ताठ करून म्हणाली, "पोरसाठे उपास शेतस ना मन्हा. साबुदाना, रताळं, केळं, राजगिराना लाडू. दुसरं काही तोंडमा टाकत नही मी त्या दिन."

डॉक्टरांनी मायचा कागद मिटला. मग म्हणाले, "उपासानंच झालं असं मी म्हणत नाही. वय आहे, अंगातच असेल. पण काठावरचं माणूस या खाण्यानं लवकर आत ढकललं जातं."

मायला सगळं कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर तिनं एवढंच विचारलं, "मंग आते मन्ही नही चालाव का?"

मी तिचा हात धरून तिला उठवलं.

माझं नाव आता अनोळखी माणसाच्या किडनीच्या यादीत आहे. तिथं वाट बघायची म्हणजे कुणाच्या तरी मरणाची वाट बघायची. मी त्याचा विचार करत नाही. यंत्र चालू आहे, वरण चालू आहे, गोळी चालू आहे. लशीचं काम अंगात टिकून आहे का ते अधूनमधून तपासतात आणि आहे म्हणतात. त्याचा आनंद मानायचा.

ज्यांच्या घरी असं काही आहे त्यांना माझं सांगणं एवढंच. आजार पुढं सरकला की पथ्यही बदलतं, जुनं पथ्य धरून बसू नका. लस घेतल्यावर घरातली फोडणी बंद करू नका. आणि जो किडनी द्यायला बसलाय त्याच्याही ताटात डोकावा. सगळं घर माझ्या ताटाकडं बघत होतं. मायच्या ताटाकडं कुणी बघितलं नाही. लोकांना जेवू घालण्यात ज्यांचा जन्म गेला, त्या आम्ही तिघांनीही नाही.

त्या गुरुवारी आम्ही दोघी परतीच्या बसमध्ये बसलो. पाचोऱ्याला बस बराच वेळ थांबली. सकाळपासून पोटात काही नव्हतं. मायनं सवयीनं डबा मांडीवर घेतला, झाकण उघडलं आणि तशीच थांबली. तुपाचा वास आला.

"हाई आते मी खाऊ का नको?" तिनं मला विचारलं. माझी माय मला विचारत होती, लहान मुलीनं विचारावं तसं.

"नको, माय."

"मंग तू खाई ले. तू बी भुकेली शे."

"त्यात बटाटा आहे, दाणे आहेत. मला चालत नाही."

तिनं झाकण लावलं. बस सुटली.

घरी अक्का दारातच होत्या. त्यांनी मायच्या हातातून डबा घेतला. तो हातात जड लागला तशा त्या आमच्या दोघींच्या तोंडाकडं बघायला लागल्या.

"भरेल डबा कसा परत आना?" त्यांनी विचारलं.